रेडिएशननंतर स्तनाची पुनर्रचना कुणी केली आहे का? मला शिवणमशीनवर परत बसायचंय

टाकादोरा_पंचवटी
वय ४६. पंचवटीत घरीच ब्लाऊज शिवते, २२ वर्षं झाली. मागच्या वर्षी डावा स्तन काढला, मग केमो, मग रेडिएशन. ते संपून आता सात महिने झाले.

डाव्या बाजूला अस्तराचा खिसा करून त्यात कापसाची गादी ठेवते. उभी असले की कुणाला कळत नाही, पण माप घ्यायला वाकले की गादी वर सरकते. परवा एक नवरी मुलगी आली होती. टेप लावायला वाकले आणि तिची नजर तिथेच थांबली. बोलली काही नाही बिचारी. रात्री मी त्या खिशाला चार टाके जास्त घातले आणि रडले.

डॉक्टर म्हणतात, रेडिएशन झालेल्या जागी नुसतं इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन, घातलं तर भोवती कडक कवच धरायची भीती जास्त. त्यापेक्षा पोटाची कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट काढून वर लावू. माझी दोन सिझर झालीत, तरी होतं का? मशीनवर कधी बसता येईल? विमा मिळतो का?

जाऊबाई म्हणतात, जीव वाचला, आता या वयात हौस कशाला. हौस नाही हो. दिवसभर दुसऱ्यांचे टक्स दोन्हीकडे सारखे बसवते मी. माझ्या अंगावरही सारखे बसावेत, एवढंच.

सिडकोची_मावशी
ताई, मी हेच केलंय, मुंबईत, दोन वर्षांपूर्वी. माझंही एक सिझर होतं. आधी पोटाचा सीटी अँजिओ करतात, रक्तवाहिन्या शाबूत आहेत का ते त्यात दिसतं. सिझर झालं म्हणून लगेच नाही म्हणत नाहीत.

ऑपरेशन ९ तास चाललं. पहिल्या रात्री नर्स दर तासाला बॅटरी लावून कातडीचा रंग बघायची आणि पेनासारखं डॉपलर टेकवून रक्ताचा सूं-सूं आवाज ऐकायची. तो आवाज आला की मी डोळे मिटायचे. घरी येताना कसारा घाटात पोटाशी उशी धरून बसले होते. दोन आठवडे कमरेत वाकूनच चालले, पोट ताणलेलं असतं. सहा आठवडे जड उचलायचं नाही. मी पोळ्या लाटायला लागले तेव्हा दोन महिने झाले होते. मशीनचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, त्यात पायही चालतो.

एक नीट लक्षात ठेवा. नव्या जागेला स्पर्श कळत नाही, चटकाही कळत नाही. गरम पाण्याची पिशवी तिथे कधीच नाही. तुमच्याकडे दिवसभर इस्त्री तापलेली असणार, म्हणून मुद्दाम सांगते.

गंगापूर_रोड
विम्याचं मी सांगतो, बायकोच्या वेळी भांडलोय. आमच्या कंपनीने आधी 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारलं. पॉलिसीत कोड एक्सक्ल०८ (Excl08) शोधा. प्लास्टिक सर्जरी वगळणारं कलम आहे ते, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्यातून सोडलेली आहे. डॉक्टरांच्या पत्रात 'मास्टेक्टॉमीनंतरची (स्तन काढल्यानंतरची) पुनर्रचना' असं स्पष्ट लिहून घ्या आणि ऑपरेशनच्या आधीच मंजुरी मागा.

सपाट_आणि_ठीक
मी नाही केलं. पुन्हा भूल घ्यायची ताकद मनात नव्हती. बाहेरून सिलिकॉनचा नकली स्तन बसवते, त्याला वजन असतं म्हणून कापसासारखा सरकत नाही. तुमचं ठरेपर्यंत तो वापरून बघा. आणि जाऊबाईंचं मनावर घेऊ नका, छाती तुमची आहे.

टाकादोरा_पंचवटी
मावशी, तो सूं-सूं आवाज वाचून अंगावर काटा आला. सीटीची चिठ्ठी आज घेतली, दादा, पॉलिसीही काढून बसलेय. एक विचारायचं राहिलं. ड्रेनच्या बाटल्या, जखमेतलं पाणी नळीतून जमा होतं त्या, घरी आल्यावर कशात ठेवायच्या?

सिडकोची_मावशी
मी नाडीने गाऊनला बांधायचे, सारख्या ओढल्या जायच्या. २४ तासांतलं पाणी ३० मिलीच्या खाली आलं तेव्हा काढल्या, तोवर नको जीव झाला होता.

टाकादोरा_पंचवटी
मग मांजरपाटाच्या पिशव्या शिवते, गळ्यात घालता येतील अशा. बाटली केवढी असते?

सिडकोची_मावशी
वीतभर खोल पिशवी पुरे. जास्तीच्या शिवा ताई, वॉर्डात शेजारणीला लागतात.