बाबांचे दात झिजलेत, काही तुटलेत: सगळे काढायचे की कॅपा बसवायच्या? (नागपूर)

मानेवाड्याची_लेक
बाबांचं वय ६१. साखर आहे, गोळ्या सुरू आहेत, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.४. बरीच वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखू) खायचे, आता सोडलाय. वरचे समोरचे चार दात झिजून निम्मे राहिलेत. खालच्या डावीकडच्या दोन दाढा आधीच काढलेल्या आहेत आणि उजवीकडची एक हिरडीपर्यंत तुटलीय. एका डॉक्टरांनी सांगितलं, सगळे काढा आणि इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर दात) लावा. दुसरे म्हणून राहिले की १४ दातांचं रूट कॅनल करून कॅपा बसवू, पुढच्या आठवड्यातच सुरू करू. तिसऱ्यांनी प्रोस्थोला दाखवायला सांगितलं. प्रोस्थो नेमकं वेगळं काय करतात? आणि १४ रूट कॅनल खरंच लागतात का?

दंतरोपण_विदर्भ
ताई, तिसऱ्यांचं ऐका. प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएस या दंतवैद्यकीच्या पदवीनंतर कॅप, ब्रिज, कवळी आणि इम्प्लांटवरचे दात याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेले. पाटीवर नुसतं 'इम्प्लांट तज्ज्ञ' असेल तर एमडीएस कोणत्या विषयात केलंय ते सरळ विचारा.

पण त्याच्याही आधी एक बघा. बाबांना तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का ते पाहा. खर्रा खाणाऱ्यांत सबम्युकस फायब्रोसिस होतो. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठर होते, आत पट्टे हाताला लागतात, तिखट झोंबतं. खर्रा सोडला तरी आधी झालेला ताठरपणा आपोआप जात नाही. तोंड दोनच बोटं उघडत असेल तर मागच्या दाढेवर मशीन उभं धरता येत नाही, मापाचा ट्रे आत जात नाही, इम्प्लांटचं ड्रिल तर लांबच. शिवाय या आजारात कॅन्सरचा धोका असतो. त्यामुळे आधी ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांचा विभाग) किंवा ओरल सर्जरीच्या डॉक्टरांकडून गाल, जीभ, टाळू तपासून घ्या. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर बायोप्सी आधी, दात नंतर.

आता रूट कॅनलचं. दात हळूहळू झिजतो तेव्हा आतून नवीन डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) तयार होतं आणि नस मागे सरकते. म्हणून निम्म्या झिजलेल्या दातातही नस बऱ्याचदा जिवंत आणि निरोगी असते. नस उघडी पडली असेल, मेली असेल, मुळाच्या टोकाशी पू असेल किंवा कॅप धरायला मुळात पोस्ट (दाताच्या मुळात रोवायची काडी) बसवावाच लागणार असेल, तरच रूट कॅनल. प्रत्येक दाताची थंडाची चाचणी आणि छोटा एक्स-रे न काढता '१४ करू' असं कुणालाच सांगता येत नाही. ही यादी दातागणिक कारण लिहून मागा.

प्रोस्थोचं खरं वेगळेपण चाव्यात आहे. दात झिजले की बऱ्याचदा ते हाडासकट थोडे समोरासमोरच्या दाताकडे सरकतात आणि वरच्या-खालच्या दातांतली जागा भरून काढतात. जबडा सैल सोडला की दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर फट राहते. झीज होऊनही ही फट तेवढीच असेल तर कॅपेच्या जाडीला जागाच नाही, आणि कॅपेला चावण्याच्या बाजूने १ ते २ मिलिमीटर तरी लागतात. मग एकतर चावा उंच करायचा किंवा हिरडी-हाड कमी करून दात लांब करायचा. १९८४ मध्ये टर्नर आणि मिसिर्लियन यांनी झिजेचे तीन प्रकार याच हिशोबाने पाडले: चाव्याची उंची गेलेली, उंची टिकलेली पण जागा असलेली, आणि उंची टिकलेली पण जागा नसलेली. बाबा कशात बसतात हे ठरल्याशिवाय एकाही दाताला कटर लावू देऊ नका. कापलेला दात परत येत नाही.

क्रम असा राहतो. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे), संशयाच्या दातांचे छोटे एक्स-रे, हिरड्यांच्या खाचांची मापं, फोटो. मग दोन्ही जबड्यांची मापं घेऊन त्यांचे साचे फेसबोने (वरच्या जबड्याची जागा नोंदणारं साधन) आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारखं हलणारं यंत्र) चढवतात, म्हणजे बाबांचा जबडा टेबलावर हलतो. त्यावर मेणाचे नवे दात घडवतात. हा मेणाचा नमुना तुम्हाला दाखवायला सांगा, होणारे दात तिथेच दिसतात. मधल्या काळात सफाई, किडीचं काम, न वाचणारे दात काढणं, आणि ६-८ आठवड्यांनी हिरड्या परत तपासणं. मग नव्या उंचीच्या तात्पुरत्या कॅपा, दीड ते तीन महिने. बोलताना 'स' नीट निघतो का, कानापुढचा सांधा दुखतो का, कॅप फुटते का, हे इथेच कळतं. इथे घाई झाली तर पक्क्या कॅपांचे तुकडे पडतात, नाहीतर जबडा दुखत राहतो.

तुटलेल्या दाढेबद्दल: हिरडीच्या वर चारही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात हवा, ज्याला कॅप कवळून धरेल. याला फेरूल म्हणतात. तो नसताना नुसत्या पोस्टवर कॅप उभी केली तर चावण्याचा सगळा जोर पोस्टवरून मुळात जातो, मग पोस्ट निघतो किंवा मूळ उभं चिरतं. उभं चिरलेल्या दाढेला काढण्यावाचून इलाज नसतो. फेरूल मिळत नसेल तर ती दाढ आताच काढणं स्वस्त आणि शहाणपणाचं.

सिरॅमिक_लॅब
लॅबच्या बाजूने थोडं. पूर्ण झिरकोनियाची (एक कठीण सिरॅमिक) कॅप मजबूत, दाढांना योग्य. पण चावा जुळवायला डॉक्टरांनी ती घासली आणि परत चकचकीत पॉलिश केली नाही, तर खडबडीत झिरकोनिया चावताना समोरासमोर येणारा खरा दात झिजवते. तुमच्या बाबांना झीज आधीच आहे, म्हणून बसवताना पॉलिश झाली का हे जरूर विचारा. मेटल-सिरॅमिकवरचं पोर्सिलिन दात आवळणाऱ्यांत टवका उडून जातं. समोरच्या दातांना लिथियम डायसिलिकेट (काचेसारखं सिरॅमिक) छान दिसतं, पण मागच्या ब्रिजला ते नको. ब्रिजमध्ये दोन दातांमधला जोड बारीक ठेवला की तो तिथेच मोडतो. मागच्या तीन दातांच्या झिरकोनिया ब्रिजला साधारण ९ चौरस मिलिमीटरचा जोड लागतो. दात आखूड असतील तर एवढी उंचीच मिळत नाही, आणि मग ब्रिजचा हट्ट सोडावा. कॅप ज्या सिरॅमिक ब्लॉकमधून कापली त्याचं कार्ड आणि लॅबची पावती जपून ठेवा.

मेडिकल_चौक
खर्च जास्त वाटत असेल तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडला डिगडोह आणि वानाडोंगरीतही दंत महाविद्यालयं आहेत. डिगडोहला जायला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो. ओपीडीत केस पेपर काढून प्रोस्थो विभाग सांगा. काम एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, त्यामुळे फेऱ्या जास्त पडतात आणि एका बैठकीला अख्खी सकाळ जाऊ शकते. पण सगळे विभाग एकाच छताखाली, खर्र्यामुळे तोंड कमी उघडत असेल तर हे फार सोयीचं. जुने एक्स-रे घेऊनच जा.

मानेवाड्याची_लेक
आत्ताच पाहिलं, दोन बोटं जातात, तिसरं अडतं. आणि साखर असताना डावीकडे इम्प्लांट जमेल का?

दंतरोपण_विदर्भ
मग तपासणी आधी. या आठवड्यातच ओरल मेडिसिनला दाखवा. तोंड उघडायचे व्यायाम, औषधं किंवा गालातली इंजेक्शनं ते ठरवतील. किती उघडतं ते दर भेटीला समोरच्या दातांमध्ये मिलिमीटरमध्ये मोजून लिहून घ्या. ३५ च्या आसपास आलं की मागचं काम करायला सोपं जातं.

७.४ ला इम्प्लांट होऊ शकतो. ८ च्या वर गेलं तर पुढे ढकला, जखम उशिरा भरते आणि हाड नीट धरत नाही. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने लागतात. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळ्या नेहमीसारख्या घेऊनच या. रक्त पातळ करणारी गोळी किंवा हाडांसाठी ॲलेन्ड्रोनेटसारखी गोळी सुरू असेल तर आधी सांगा, स्वतःहून काहीच बंद करू नका. इम्प्लांटपुरतं तोंड उघडलं नाही तर डावीकडे इम्प्लांटऐवजी काढता येणारी कवळीही चालते. ती कमी दर्जाची म्हणून कुणी हसलं तरी मनावर घेऊ नका.