शब्दचर्चा : लाइट बिलातला ‘आकार’

सांगलीकर : लाइट बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ असे तीन आकार छापलेले असतात आणि त्यांच्याच खाली ‘वीज शुल्क’. इथे आकार म्हणजे घडण किंवा रूप नव्हे, एवढं कळतं. पण मग हा शब्द आला कुठून? आणि शुल्क निराळं कशाला? सगळ्याला शुल्कच म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

निवृत्त लेखापाल : बिघडलं असतं. आकार हा महसूल खात्यात मुरलेला शब्द. आकारबंद, जमिनीची आकारणी हे शब्द तुम्ही तलाठ्याकडे ऐकले असतील. वरून ठरवून दिलेली, घासाघीस न चालणारी रक्कम म्हणजे आकार. विजेचंही तसंच. कंपनी मागणी करते, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग सुनावणी घेतो आणि किती आकारायचे ते ठरवून देतो. हे पैसे कंपनीचे. वीज शुल्क राज्य सरकारच्या तिजोरीत जातं, कंपनी ते नुसतं गोळा करून भरते. आयोगाचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्हींना एकच नाव दिलं असतं तर पैसे कोणाकडे जातात तेच कळलं नसतं.

चिपळूणचा : आमचं गावचं घर आठ महिने बंद असतं. एक दिवा लागत नाही, तरी स्थिर आकार चुकत नाही. याला आकार नाही, खंडणी म्हणतात.

निवृत्त लेखापाल : राग समजतो, पण दाभोळ तुमच्याच शेजारी, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. दाभोळचा वीज प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी 1993 साली राज्य वीज मंडळाने जो करार केला, त्यात विजेची किंमत दोन भागांत होती. प्रकल्प उभा करण्याचा, कर्जफेडीचा खर्च हा एक भाग. तो वीज घेतली नाही तरी द्यायचा. दुसरा भाग इंधनाचा, जेवढी वीज उचलाल तेवढा. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 साली नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर, सुरू झाला. तेल महाग, त्यात डॉलरशी बांधलेला हिशेब. वीज परवडेना म्हणून कमी उचलावी, तर पहिला भाग मानगुटीवर कायम, आणि तो थोड्या युनिटांवर वाटला गेला की प्रत्येक युनिट आणखी महाग. 2001 मध्ये मंडळाने वीज घेणंच थांबवलं. तुमच्या बंद घरामागेही खांब, तारा, रोहित्र आणि असे करार उभेच असतात. त्या आकाराचा आकडा केवढा असावा यावर मात्र भांडायला पूर्ण जागा आहे.

मुलुंडकर : ‘वहन’चं मी सांगतो. 2003 च्या वीज कायद्याने दुसऱ्याच्या तारांवरून वीज नेण्याची वाट मोकळी केली. मुंबईच्या उपनगरांत 2009 नंतर अनेकांनी रिलायन्स सोडून टाटाची वीज घेतली, तारा मात्र रिलायन्सच्याच राहिल्या. तेव्हा वीज एकाची, वहन दुसऱ्याचं, हे लोकांना पहिल्यांदा बिलावर दिसलं. शिवाय सोडून जाणाऱ्यांवर ‘क्रॉस सबसिडी अधिभार’ लागला. याला मराठी शब्द काय?

सांगलीकर : ‘परस्पर अनुदान’ वाचलंय कुठेतरी.

निवृत्त लेखापाल : चुकीचं. परस्पर म्हणजे एकमेकांना. इथे कारखानदार आणि दुकानदार जास्त दर देतात, त्यातून शेतीपंपाचा दर खाली राहतो. उलट दिशेने काहीच येत नाही. त्यापेक्षा क्रॉस सबसिडीच बरं, निदान फसवत नाही. फसवणारा खरा शब्द ‘नियामक मत्ता’. वाटतं, आयोगाची इस्टेट असावी! प्रत्यक्षात दरवाढ पुढे ढकलल्यामुळे साठलेली थकबाकी, जी ग्राहकानेच पुढे व्याजासकट भरायची.

लासलगावकर : एक शंका. वीज एक्सचेंजच्या, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, बातम्यांत ‘दर’ लिहितात. तिथे ‘भाव’ हवा ना? आमच्याकडे कांद्याचा भाव निघतो, दर कोणी ठरवून देतं.

निवृत्त लेखापाल : अगदी बरोबर, मी तरी भावच लिहीन. एक्सचेंजवर 2008 पासून उद्याच्या विजेचे सौदे होतात. आता दर 15 मिनिटांच्या हप्त्याला वेगळा भाव निघतो, दुपारी सौरऊर्जेमुळे पडतो, संध्याकाळी चढतो. मार्च 2022 मध्ये तो युनिटमागे 20 रुपयांवर गेला, तेव्हा केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने 12 रुपयांची कमाल मर्यादा घातली. भावाला वेसण घातली की तो पुन्हा दराकडे झुकतो, तेवढी सूट बातमीदाराला देऊ.

सांगलीकर : शेवटचं. शुल्क सरकारचं, तर ते टक्क्यांत का?

निवृत्त लेखापाल : घरगुती ग्राहकाला 16 टक्के, आणि तेही तिन्ही आकारांच्या बेरजेवर. आयोगाने आकार वाढवला की सरकारने काही न करता शुल्क वाढतं. चिपळूणकरांच्या बंद घराच्या स्थिर आकारावरसुद्धा ते लागतंच.