थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्यांनो, अनुभव लिहा

अनगोळची_अक्का
आज बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेताना एक मुलगी दिसली, एवढ्या उन्हात गळ्याला स्कार्फ गुंडाळलेला आणि आई सारखी विचारायलीय, दुखतंय काय गं. मला सगळं आठवलं. माझी थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढलीय. गलगंड होता, दोन्ही बाजूंना गाठी, उताणं झोपलं की श्वासनळीवर दाब यायचा, शेवटी बसून झोपायची वेळ आली तेव्हा ऑपरेशन ठरलं. आधी नाकातून बारीक कॅमेरा घालून स्वरतंतू नीट हलतात का ते बघितलं, कारण आवाजाची नस ग्रंथीला चिकटूनच जाते. घरात सगळ्यांना दोनच काळज्या, आवाज जाईल आणि गळ्यावर व्रण राहील.

पण त्रास झाला तो कॅल्शियमचा! ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड म्हणतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा कमी झाला की काही दिवस त्या नीट काम करत नाहीत. मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांत, मग हाताची बोटं आपोआप आखडायला लागली. मला वाटलं लकवाच मारला. सिस्टरनी लगेच रक्त तपासायला पाठवलं, डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं आणि हात सुटला. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून इथं लिहायलोय. ज्यांचं झालंय, घरात कुणाचं झालंय, सगळे लिहा.

खानापूरकर
माझी अर्धीच काढली. सुई टाकून तपासलं तर रिपोर्टमध्ये फॉलिक्युलर आलं, डॉक्टर म्हणाले ही गाठ साधी की कॅन्सरची हे सुईवरून कळत नाही, पूर्ण बाजू काढून तिचं आवरण सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. साधी निघाली, देवाची कृपा. एक बाजू शिल्लक असल्यामुळे थायरॉइडची गोळी नाही, पण टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतं) बघत राहायचं, काहीजणांना पुढं गोळी लागते. गळ्यापेक्षा मान मागून जास्त दुखली राव. ऑपरेशनला मान मागं टाकून ठेवतात ना, त्याचं ते.

वडगाव_शाळा
@खानापूरकर अगदी! मान मान मान. शेकायची पिशवी लाभली मला.
आवाजाचं सांगते, मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि गल्लीच्या भजनी मंडळात आहे. सुरुवातीला आवाज घोगरा, तिसऱ्या तासाला तर हवाच निघायची नुसती. बोलायला यायचं पण वरचा सूर लागायचा नाही. वरच्या पट्टीची नस वेगळी असते म्हणे, ती ताणली गेली होती, तुटली नव्हती. स्पीच थेरपीचे व्यायाम केले, शाळेत छोटा माईक लावला, आणि काही महिन्यांत आवाज भरत आला. आता काकडआरतीला म्हणते. ज्यांचा आवाज बसलाय त्यांनी धीर धरा, पण डॉक्टरांना दाखवून ठेवा, आपोआप येईल म्हणून घरी बसू नका.

कुंदाप्रेमी
ऑपरेशननंतर आपला बेळगावचा कुंदा, खव्याचा गोड, चालतो का हो? आईचं झालंय परवा, गिळायला दुखतंय म्हणते.

अनगोळची_अक्का
चालतो की, मऊच आहे. पहिले दिवस पेज, आंबील, मऊ दहीभात द्या. भूल देताना घशातून श्वासाची नळी घातलेली असते म्हणून घसा दुखतो, जातंय ते. आणि आईला मुंग्या येतात काय ते रोज विचारा बरं.

चिकोडी_रहिवासी
आमच्या मंडळींचं मिरजेला झालं. आमच्याकडं कायबी मोठं निघालं की मिरज. पॅपिलरी कॅन्सर होता, मानेतल्या गाठीपण काढल्या. कॅन्सर शब्द ऐकून आमचं घर बसलं होतं पण डॉक्टर म्हणाले ह्या जातीचा बहुतेक वेळा चांगला बरा होतो. ऑपरेशन परवडलं, त्यानंतरचं आयोडीन जड गेलं. म्हणजे काय करतात, थायरॉइडची गोळी काही आठवडे बंद ठेवून टीएसएच वाढू देतात म्हणजे राहिलेल्या पेशी किरणोत्सारी आयोडीन ओढून घेतात आणि मरतात. त्या दिवसांत ती एकदम सुस्त, तोंड सुजलेलं, मे महिन्यात स्वेटर घालून बसायची. त्यात आयोडीन कमी असलेलं जेवण, साधं आयोडीनवालं मीठ बंद, गोव्याहून येणारं मासं बंद, दूध अंडी बेकरी सगळं बंद. भाकरी आणि बिनआयोडीन मिठाची आमटी, मी पण तेच खाल्लं तिच्यासोबत.
डोस दिल्यावर वेगळ्या खोलीत. घरी आल्यावर पण काही दिवस लांब, भांडी वेगळी, संडास दोनदा फ्लश, पाणी भरपूर. पोरगी तीन वर्षाची, तिला निपाणीला आजीकडं ठेवली. व्हिडिओ कॉलवर मम्मी ये म्हणून रडायची, तवा माझं पण धैर्य जायचं. त्या आयोडीनची ताकद दर आठ दिवसाला निम्मी होते असं सांगितलेलं, आम्ही कॅलेंडरवर खुणा करत बसायचो. आता थायरोग्लोब्युलिन तपासतात, थायरॉइडच्या पेशी कुठं उरल्यात काय ते त्या रक्ततपासणीत कळतं, नीट आहे.

वडगाव_शाळा
दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. वैनींना नमस्कार सांगा. नवऱ्यानं तेच जेवण जेवणं मोठी गोष्ट आहे.

शहापूर_मेडिकल
औषध दुकान चालवतो म्हणून एकच सांगतो, हे रोज बघतो. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथीच्या हार्मोनऐवजी घ्यायची थायरॉइडची गोळी, सकाळी उपाशी पोटी पाण्याबरोबर, चहा अर्धा ते एक तासानं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर पोटातच अडकतात दोघी आणि थायरॉइडची गोळी अंगाला लागत नाही. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांना बऱ्याचदा थायरॉइडची आणि कॅल्शियमची दोन्ही लागतात आणि चिठ्ठीवर नुसतं सकाळ दुपार संध्याकाळ असतं, त्यामुळे एक काकू दोन्ही एकदम घ्यायच्या, टीएसएच वाढतोय म्हणून डोस वाढवत चालले होते. वेळा बदलल्या, आकडा खाली आला. बाटली ओलसर जागी ठेवू नका, बेळगावचा पावसाळा माहीत आहेच. कंपनी आपल्या मनानं बदलू नका. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, त्याआधी तपासून उपयोग नाही.

कुंदाप्रेमी
आईची दोन्ही सकाळी सातलाच चालू होती!! आत्ताच वेळा बदलून कागद फ्रिजवर चिकटवला. उपकार झाले दादा.

टिळकवाडी_जीवशास्त्र
जरा इतिहास. एकेकाळी या ऑपरेशनमध्ये रक्तस्रावानं माणसं दगावायची म्हणून सर्जन हात लावायला घाबरायचे. थिओडोर कोखर या स्विस सर्जननं हळूहळू, रक्त न सांडता ते करायची पद्धत बसवली. त्यालाच १८८३ मध्ये लक्षात आलं की पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण नंतर मंद होत जातात. ही ग्रंथी शरीरात काय करते हे कळायला त्यातून मोठी मदत झाली. १९०९ चं नोबेल मिळालं त्याला. आज गोळी आहे म्हणून आपण उठून कामाला लागतो. असो, कुकर लावलाय, शिट्टी व्हायलीय.

अथणी_ताई
माझं पुढच्या आठवड्यात आहे पूर्ण काढायचं. धागा दोनदा वाचला. भीती वाटायलीय खरं सांगते. मंगळसूत्र घालता येतं काय नंतर? आणि कोबी बंद करायला सांगतात सगळे.

अनगोळची_अक्का
ये बाळ, घाबरू नको. मंगळसूत्र टाके भरेपर्यंत काढून ठेव, मणी घासतात. जखम भरली की डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल लाव, वर्षभर उन्हात झाकून ठेव, माझा व्रण आता वळीत दिसतसुद्धा नाही. ओल्या जखमेवर हळद लावायला कुणी आलं तर लावू देऊ नको. कोबी ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो म्हणतात, तुझी ग्रंथीच राहणार नाही तर कोबीनं काय होणार, खा खुशाल.
दोन गोष्टींसाठी मात्र रात्री-अपरात्री हाक मारायची, लाजायचं नाही. पहिल्या दिवसात गळा फुगतोय, आवळल्यासारखं होतंय, श्वास घ्यायला जड जातंय असं वाटलं तर त्याच क्षणी सिस्टरला बोलाव, आत रक्त साठलेलं असू शकतं. आणि मुंग्या.

खानापूरकर
संमतीपत्र कन्नड आणि इंग्लिशमध्ये असतं आपल्याकडं. सही करायच्या आधी डॉक्टरांना तोंडी सांगायला लाव, मराठीत सांगतात, मागितलं पाहिजे फक्त. पुढं बटणाचा गाऊन ने, डोक्यातून घालायचा नको.

चिकोडी_रहिवासी
ताई तुमचं गाव महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांत असेल तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं विचारा, नाहीतर आपलं आयुष्मान कार्ड. दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारे, बसलेले असतात, ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा, नंतर धावपळ होते.

अथणी_ताई
आज डॉक्टरांकडं जाऊन आले. कॅल्शियमचं मी स्वतः विचारलं, ऑपरेशननंतर रोज तपासणार म्हणाले आणि डिस्चार्जला गोळ्या देणार. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ना, तेही विचारलं, हो म्हणाले. बुधवारी ॲडमिट. नवऱ्याला हा धागा पाठवलाय, रात्री तोच असणार सोबत.