मदत हवी आहे: ‘जस्टिस’च्या २०१८ च्या आवृत्तीत बेस ऐकू येतो का?

मंडळी, मेटालिका हा मेटल बँड ऐकणारे कोणी इथे असाल तर जरा सल्ला द्या.

विषय ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’. १९८८ चा अल्बम. माझ्याकडे जुनी सीडी आहे आणि कुठल्या गाण्यानंतर कुठलं हे झोपेतही सांगेन. भाचा सध्या बेस गिटार शिकतोय. त्यातलं ‘वन’ हे गाणं बसवायचं म्हणून सीडी घेऊन खोलीत गेला, थोड्या वेळाने बाहेर येऊन विचारतो, “मामा, यात बेस वाजवलाच नाहीये का?”

वाजवलाय. जेसन न्यूस्टेडने वाजवलाय, आणि चांगला दाबून वाजवलाय. पण ऐकू येत नाही, ही ओरड अल्बम आला तेव्हापासूनची. बँडचा आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला, त्याच्या जागी न्यूस्टेड आला, आणि त्याच्या पहिल्याच पूर्ण अल्बमवर त्याचं वाद्य असं गायब. नव्या गड्याला दिलेला त्रास म्हणा, नाहीतर आणखी काही. स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी मिक्सिंग केलं, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र बसवले. बेस खाली घ्यायला बँडचा ड्रमर लार्स उलरिकने सांगितलं, असं थॉम्पसनने पुढे मुलाखतीत उघड बोलून दाखवलंय. बँड तेव्हा दौऱ्यावर होता, मधल्या दिवसांत विमानाने येऊन मिक्स ऐकायचा. रात्र रात्र स्टेजवर घालवलेले कान, त्यांना काय खालचं आणि काय वरचं!

मी आधी साधा उपाय केला, अ‍ॅम्प्लिफायरचा बेस वाढवला. पण वाढतं काय? लार्सचा किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि गायक-गिटारवादक हेटफिल्डच्या गिटारचा तो तळहाताने दाबलेला ‘चग-चग’. न्यूस्टेड पिकने (तारा छेडायच्या चकतीने) वाजवतो आणि बहुतेक ठिकाणी गिटारच्या रिफला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला, चिकटून जातो, त्यामुळे तो गिटारच्या आवाजातच विरघळतो. ‘वन’मध्ये शेवटी मशीनगनसारखा भाग येतो ना, तिथे ड्रम आणि गिटार एकदम थडथडतात. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकलं. बेस आहे असं वाटतं, पण बोट ठेवून ‘हा’ म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये याची वाढीव आवृत्ती आली. तीन सीडींचा संच आहे आणि एक भलामोठा खोकाही आहे: विनाइल, ११ सीडी, ४ डीव्हीडी, १२० पानी पुस्तक, पुशहेड या चित्रकाराचं चित्र वगैरे. खोका परदेशातून मागवायचा तर घरात सांगायचं काय, हा वेगळा धागा होईल. म्हणून विचारतो: नुसतं रीमास्टर ऐकायला तीन सीडींचा संच घेण्यात अर्थ आहे का? आणि भाच्याला बेसच्या ओळी ऐकू येतील असं त्यात काही आहे का? ‘हा अल्बम कंटाळवाणा आहे’ असं सांगायला येणाऱ्यांना आधीच नमस्कार.

जुनीटेप:
रीमास्टर आणि रीमिक्स यांत गल्लत होतेय बहुधा. २०१८ ला झालं ते रीमास्टर. म्हणजे १९८८ ला तयार झालेली दोन चॅनलची अंतिम टेप घेऊन तिची पातळी आणि झळाळी बदलायची. बेस वर काढायचा तर स्टुडिओतले सगळे ट्रॅक वेगवेगळे उघडून नव्याने मिक्स करावं लागतं, आणि ते बँडने केलेलं नाही. शिजलेल्या भाजीतलं मीठ बाजूला काढता येतं का, तसंच हे. तेव्हा बेससाठी रीमास्टर घेऊ नका.

आणि माझं मत विचाराल तर जुनी सीडीच ठेवा. नवी आवृत्ती जोरात वाजते, म्हणून पहिल्या ऐकण्यात ‘वा’ वाटतं. दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून ‘ब्लॅकन्ड’ हे गाणं लावून बघा. सुरुवातीला उलट्या फिरवलेल्या गिटारी हळूहळू चढत येतात, आणि मग रिफ कोसळतो. तो कोसळण्याचा फरक जुन्यात मला जास्त जाणवतो.

सातारकर_चारतारा:
मी बेस वाजवतो, म्हणून बोलतो. भाच्याला स्टुडिओतलं ‘वन’ सोडून लाइव्ह ऐकायला सांगा. त्या काळातली सिएटलची १९८९ ची मैफल पहा. पूर्वी ती १९९३ च्या लाइव्ह संचात व्हिडिओवर होती, आता या खोक्यातही आहे. स्टेजवर न्यूस्टेडला कोणी दाबलेलं नाही, बेस खणखणीत ऐकू येतो. शिवाय त्याचा उजवा हात दिसतो. पिकचे फटके सगळे खालच्या दिशेने कुठे आणि वरखाली कुठे, हे शिकायला कागदावरच्या टॅबपेक्षा (कुठल्या तारेवर कुठे बोट ते आकड्यांत लिहिलेलं) ते बघणं बरं.

दुसरं, २००९ साली ‘गिटार हिरो: मेटालिका’ हा गेम आला, त्यात ‘वन’, ‘द शॉर्टेस्ट स्ट्रॉ’ आणि ‘डायर्स ईव्ह’ ही या अल्बममधली गाणी होती. गेममध्ये वाद्यांचे ट्रॅक वेगळे असतात. चाहत्यांनी त्यावरून बेस वाढवलेले मिक्स करून ठेवलेत. अधिकृत नाहीत, पण बोटं कुठे जातात ते कळायला पुरेसे आहेत.

ढोलकीवाला_पिंपरी:
चाहत्यांचे मिक्स मीही ऐकलेत. दोन-तीन गाणी मजा येते, मग जाणवतं की हा वेगळाच अल्बम झाला. कोरडा, हाडं दिसणारा आवाज हाच तर ‘जस्टिस’. मेगाडेथ या दुसऱ्या मेटल बँडचा ‘रस्ट इन पीस’ हा अल्बम आठवा. २००४ ला त्यांचा गायक मस्टेनने ते नव्याने मिक्स केलं, काही ठिकाणी गाणंही पुन्हा गायला, आणि जुने लोक अजून मूळ आवृत्ती शोधत फिरतात. मेटालिकाने हात लावला नाही ते बरंच झालं.

अवांतर: याच अल्बमच्या वेळी १९८९ ला हार्ड रॉक-मेटलचं ग्रॅमी जेथ्रो टल या बासरी वाजवणाऱ्या रॉक बँडला गेलं होतं. बासरीवाल्यांना! पुढच्या वर्षी ‘वन’ला मिळालं.

जुनीटेप:
बासरीवाल्यांना काही बोलू नका, मी त्यांचाही चाहता आहे. पण मुद्दा पटला.

मूळ प्रश्नाबद्दल अजून एक. तीन सीडींच्या संचात खरी किंमत दुसऱ्या-तिसऱ्या सीडीला आहे. गाणी घडत असतानाचे डेमो, कच्चे मिक्स, मग लाइव्ह. अल्बम तोंडपाठ असलेल्या माणसाला डेमो ऐकताना गंमत येते. कुठला भाग अजून सापडलेला नाही आणि हेटफिल्ड शब्दांच्या जागी नुसता आवाज काढून पुढे जातोय, हे कळतं. पण घेण्याआधी स्ट्रीमिंगवर अख्खा संच आहे, तो फुकटात ऐकून घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रीमास्टरचं डोक्यातून काढलं. काल रात्री दोन्ही आवृत्त्यांचा आवाज जुळवून ‘ब्लॅकन्ड’ लावलं, जुनीटेप म्हणतात ते खरं आहे. डेमोंसाठी तीन सीडींचा संच घेतोय, खोका नाही. सिएटलचं ‘वन’ भाच्याला दाखवलं, तेव्हापासून तो मनगटाचा वेग मोजत बसलाय.

सातारकर, एक विचारू का? त्या मशीनगनच्या भागात न्यूस्टेड पूर्ण रिफ गिटारबरोबरच वाजवतोय, की मधले काही ठोके सोडतोय? मला दोनदा बघूनही ठरवता आलं नाही, आणि भाचा म्हणतो सोडतोय.