४७व्या वर्षी लीड्सला एम.ए.: विद्यापीठाच्या हॉलमध्ये (वसतिगृहात) राहावं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वय ४७. बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता बिनपगारी रजा टाकून सप्टेंबरात इंग्लंडमध्ये लीड्सला एका वर्षाच्या एम.ए.ला निघालेय. प्रवेश पक्का आहे, व्हिसाच्या कागदांची जुळवाजुळव चालू आहे. घोडं अडलंय राहण्याच्या फॉर्मवर. सहा जणांचा फ्लॅट (खोली आणि बाथरूम आपलं, स्वयंपाकघर सगळ्यांचं), स्वतंत्र स्टुडिओ (एकटीची खोली, स्वयंपाकाची सोय आतच), नाहीतर बाहेर कुणाच्या घरात भाड्याची खोली. स्टुडिओ बराच महाग पडतोय. पण फ्लॅटमध्ये माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची मुलं असणार, आणि मी पहाटे पाचला उठणारी. त्यांना माझा त्रास नको, मला त्यांचा नको. मुलगा म्हणतो, "आई, स्टुडिओच घे." यजमान म्हणतात, वर्षभर भिंतींशी बोलत बसशील. या वयात तिथे कुणी राहिलंय का?

पैलतीर
ताई, मी राहिलेय. ४४व्या वर्षी, लीड्समध्येच, सहा जणांच्या फ्लॅटमध्ये.

वयाचं नंतर बघू, आधी करार किती आठवड्यांचा आहे ते बघा. पदवीच्या मुलांचं वर्ष जूनमध्ये आटपतं, त्यांचे करारही त्याच सुमारास संपतात. आपला प्रबंध मात्र ऑगस्टअखेरपर्यंत चालतो. माझ्या वर्गातल्या एकीने स्वस्त पडतो म्हणून छोटा करार केला, आणि ऐन प्रबंधाच्या दिवसांत बॅगा घेऊन खोल्या शोधत फिरली. ५१ आठवड्यांचाच घ्या. आणि फॉर्ममध्ये पसंती विचारतात तिथे 'फक्त पदव्युत्तर' आणि 'शांत फ्लॅट' असं स्पष्ट लिहा. माझ्या फ्लॅटमधली सगळ्यात लहान मुलगी २३ची होती, दोघांनी तिशी ओलांडलेली.

आता स्वयंपाकघर. पहिल्याच आठवड्यात पोह्यांची फोडणी टाकली आणि वारं यावं म्हणून दार उघडं ठेवलं. मोहरी तडतडली नाही तोच अख्ख्या इमारतीत अलार्म! आत उष्णतेचा सेन्सर होता, धुराचा बाहेर पॅसेजमध्ये. दार घट्ट लावायचं, खिडकी उघडायची, वरचा पंखा चालू करायचा, मग मिरचीची फोडणीसुद्धा बिनघोर होते. रात्री कुणामुळेही अलार्म वाजला तरी सगळ्यांना खाली उतरावं लागतं, आणि खोलीचं दार मागे आपोआप लॉक होतं. जाड जाकीट नि किल्ली दाराशेजारच्या हुकलाच टांगलेली असू द्या. शेगडी विजेची, सपाट काचेची. भाकरी विस्तवावर धरता येत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची.

डिसेंबरात तिथे पावणेचारला सूर्य मावळतो. लायब्ररीतून परतताना खालूनच आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड दिसायचा. फ्लॅटमधली नायजेरियाची मुलगी भात रांधत असायची. मला आंटी म्हणायची, आणि माझ्या डाळीसाठी मागची शेगडी मोकळी ठेवायची. तेवढ्यासाठी मी आजही स्टुडिओ घेणार नाही.

घाटमाथा
माझं मत वेगळं आहे. मी ५१व्या वर्षी मँचेस्टरला स्टुडिओत राहिलो आणि पैसे वाया गेले असं वाटत नाही. मला मधुमेह आहे. सहा जणांच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. कोण केव्हा मागे ढकलेल आणि गोठेल याचा नेम नाही. तब्येतीचं असं काही असेल तर फॉर्म भरतानाच कळवा. नसेल तर पैलतीर म्हणतात तो फ्लॅट घ्या, कारण संध्याकाळी मला फार एकटं वाटायचं, हेही खरं.

बाहेरच्या खोलीबद्दल: पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) लागत नाही, पण घरात नोकरी करणारे असतील तर त्या घराला लागतो. तो कोण भरणार हे आधी विचारून घ्या. हॉलमध्ये वीज, पाणी, हीटिंग साधारण भाड्यातच येतं.

यजमान बरोबर येणार असतील तर आणखी एक. १ जानेवारी २०२४पासून सुरू होणाऱ्या अशा एम.ए.ला, स्वखर्चाने शिकत असाल तर, जोडीदाराला डिपेंडंट (विद्यार्थ्यासोबत राहण्याचा) व्हिसा मिळत नाही. ते व्हिजिटर म्हणून येऊ शकतात. मात्र पाहुणा खोलीत किती रात्री राहू शकतो ते करारात वाचा.

कृष्णाकाठ
दोघांचेही मनापासून आभार. करार आत्ताच उघडून बघितला. मी ज्या फ्लॅटवर खूण केली होती तो ४२ आठवड्यांचा निघाला! ती काढून ५१ आठवड्यांच्या पदव्युत्तर फ्लॅटवर केली, 'शांत'ही लिहिलं. यजमान ईस्टरच्या सुमारास दोन आठवडे येतील म्हणतात, त्यांच्यासाठी जवळ वेगळी खोली बघेन.
पैलतीर, कुकर तीन लिटरचा आणू की पाचचा?

पैलतीर
तीनचा. इंडक्शन बेसचा घ्या, कुठल्याही शेगडीवर चालेल. आणि शिट्टीची आधी सगळ्यांना कल्पना द्या, आमच्याकडे पहिल्या दिवशी दोघं घाबरून बाहेर पळाले होते.