खांबावरची फायबर कुणाची?

गिरणाकाठ (जळगाव)
गटारीच्या कामात जेसीबीने आमच्या गल्लीची फायबर तोडली. चार दिवस ओएनयूवर (फायबर जिथे येते त्या घरातल्या डब्यावर) लाल लाइट. मुलीचा प्रवेशाचा अर्ज शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरला. वैतागून दुसऱ्या कंपनीला फोन लावला, तर उत्तर ठरलेलं: "सर, तुमच्या एरियात आमची फायबर नाहीये." म्हणजे रुसून जाणार कुठे? नंबर तोच ठेवून सिमची कंपनी बदलायची सोय देशभर 2011 पासून आहे, मग घरच्या तारेला का नको?

माझं म्हणणं असं की ज्याने तार टाकली त्याला रास्त भाडं मिळावं, पण त्याच तारेवरून दुसरा कुणी नेट विकत असेल तर त्याने आडवं येऊ नये. ट्रायने (टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने) 2004 सालीच टेलिफोनच्या तांब्याच्या लाइनबाबत अशी शिफारस केली होती. सरकारने त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सक्ती केली नाही, कंपन्यांनी आपसांत ठरवावं म्हणून सोडून दिलं. (त्या धोरणात 256 केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हटलं होतं, ते जाऊ द्या.)

शिडीवाला (चोपडा)
भाऊ, तार जेसीबीने तोडली, कंपनीने नाही. त्या तारेवर पाच कंपन्या असत्या तर पाचही बंद पडल्या असत्या, आणि प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखवलं असतं. चार दिवसांचे आठ झाले असते.

मी केबलवाला. आधी टीव्हीची काळी कोअॅक्स केबल होती, मग फायबर ओढली. फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घ्यायला बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या छतावर बसून केसाएवढ्या काचा जोडून बघा एकदा. आता म्हणता भाड्याने द्या. रास्त म्हणजे किती, ते कोण ठरवणार? मोठी कंपनी माझ्याच तारेवर सहा महिने तोट्यात नेट विकेल, गिऱ्हाईक घेऊन जाईल, आणि माझ्याकडे उरेल शिडी.

वाघूर_४२
भाडं ठरवणं एवढं अवघड नाही. घरचं लाइट बिल काढा. 'वीज आकार' वेगळा, 'वहन आकार' वेगळा. तारेचं भाडं आपण दर महिन्याला भरतोच आहोत. मुंबईच्या उपनगरांत तर 2009 पासून जुन्या कंपनीच्या तारांवरून टाटांची वीज घेता येते.

भुसावळकर (सध्या पुणे)
विजेची उपमा इथे नीट बसत नाही, तांब्याच्या लाइनचीही नाही. तांब्याच्या फोनला प्रत्येक घराची जोडी एक्स्चेंजपर्यंत स्वतंत्र जायची. ती तिथे उपटून दुसऱ्याच्या मशीनला लावली की काम झालं. आपल्याकडची फायबर तशी नाही. एक धागा येतो, खांबावरच्या डब्यात स्प्लिटरने त्याचे सोळा-बत्तीस भाग होतात. तुमच्या एकट्याचा धागा एक्स्चेंजपर्यंत नसतोच, मग वेगळा काढून देणार काय? प्रकाश तोच ठेवून आतला डेटा कंपनीवार वेगळा करून देता येतो. तांत्रिकदृष्ट्या जमतं. पण मग नवी कंपनी फक्त बिल फाडणार, वेग आणि बिघाड जुन्याच्याच हातात.

अमेरिकेने 1996 च्या कायद्याने जुन्या टेलिफोन कंपन्यांवर तारा दुसऱ्यांना द्यायची सक्ती केली आणि 2003 ते 2005 मध्ये नव्या फायबरवरून, डीएसएलवरून (फोनच्या तारेवरच्या नेटवरून) ती काढूनही घेतली. कारण हेच की दुसऱ्याला फुकटात वापरायला मिळणार असेल तर नवी तार टाकायला पैसा कोण घालेल?

वाघूर_४२
फुकटात कोण म्हणतंय? भाडं म्हटलंय.

गुरुजी (धडगाव)
मी मूळचा धुळ्याचा, नोकरी इकडे सातपुड्यात. तुमचा वाद वाचून हसू आलं. आमना गावमा तारच नही, तुमीन काय वाटी राह्यनात? आधारचं पहिलं कार्ड 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभलीत दिलं गेलं. आज इथे रेशनच्या ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा तर माणसं मशीन घेऊन टेकडीवर रेंज शोधत जातात. आधी ग्रामपंचायतीपर्यंतची सरकारी फायबर, ते भारतनेट, धड चालू ठेवा. सरकारी पैशाची ती तार सगळ्यांना खुली असायला माझी ना नाही, पण तिच्यात उजेड तर हवा.

पांझराकाठ (साक्री)
शिडीवाले दादा, तुमचं दुखणं खरं आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवलंय. आमच्याकडची फड पद्धत आठवा. पांझरेवर बंधारा एक, पाट एक, शेतं अनेकांची. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःचा पाट खणला असता तर नदीकाठी शेताला जागाच उरली नसती. आज चोपड्याच्या खांबावर बघा, पाच वायरींची वेटोळी एकावर एक, त्यातल्या दोन केव्हाच्या मेलेल्या.

फडात पाणी सोडायचा पाटकरी. आपल्या शेताला जादा पाणी आणि शेजाऱ्याला थेंब, असं त्याने केलं की फड मोडलाच. भांडण तारेच्या वाटणीचं नाहीच. तार ज्याची, दुकानही त्याचंच, तिथे गफलत आहे. न्यूझीलंडने 2011 मध्ये जुनी टेलिकॉम कंपनी दोन भागांत तोडली. तारांची मालक कोरस, आणि तिने घराघरांत थेट नेट विकायचं नाही. ब्रिटनने 2006 मध्ये तारा सांभाळणारी ओपनरीच वेगळी केली, पण ती बीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्याच घरात ठेवली, म्हणून तिथे तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या. मला न्यूझीलंडची वाट पटते. तुम्ही पाटकरी व्हा. पाचही कंपन्यांनी तुम्हाला भाडं द्यायचं, शिडी तुमचीच.

भुसावळकर
मोबाइलचे टॉवर वाटायला कुणी सक्ती केली होती? भारती, व्होडाफोन, आयडिया यांनी 2007 मध्ये आपणहून इंडस टॉवर्स काढली. खर्च परवडेना की सगळे शहाणे होतात.

गिरणाकाठ
ते तिघे तोडीस तोड होते हो. चोपड्याचा केबलवाला आणि मुंबईची कंपनी एका चटईवर बसून करार करतील का? जेसीबीचा मुद्दा मात्र मान्य, माझं उदाहरण चुकलं. पण चार दिवस कुणी फिरकलं नाही, ते मी दुसरीकडे जाऊ शकत नाही हे माहीत असल्यामुळेच.

शिडीवाला
पांझराकाठ भाऊ, पाटकरी व्हायला माझी तयारी आहे. पण पाटकऱ्याला धान्यातला वाटा सुगीला मिळायचा, गाव बुडवायचं नाही. इथे वरची कंपनी आत्ताच माझा हिस्सा तीन-तीन महिने थकवते. पाच कंपन्या म्हणजे पाच ठिकाणी हेलपाटे. वसुलीची हमी लिहून देणारा कुणी असेल तर तार उद्या खुली करतो.
बाकी रात्री बोलू. यावल रोडला तीन घरांत लाल लाइट आहे.