जकात गेली, घरपट्टी वाढेना. महापालिकांनी पैसा आणायचा कुठून?

निशिगंध
1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि शहरात येणाऱ्या मालावरची जकात आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, दोन्ही संपले. बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं, 2016-17चं उत्पन्न पाया धरून वर्षाला 8 टक्के वाढीने. स्वतःच्या हातातलं मोठं उत्पन्न म्हणजे आता मालमत्ता कर, म्हणजेच घरपट्टी, आणि तो नीट लावायला कुणी धजत नाही.

आमची इमारत जुनी. ज्यावर घरपट्टी बसते ते करयोग्य मूल्य कधीकाळच्या भाड्यावर ठरलेलं. समोरच्या नव्या इमारतीत तेवढ्याच खोल्यांना चौपट बिल येतं. पाण्याची लाइन तीच, कचऱ्याची गाडी तीच. माझी घरपट्टी वाढवा, मी भरीन.

सह्यवारा
तुम्ही भराल हो. पेन्शनवर जगणाऱ्यांनी काय करायचं? घरपट्टीचं बिल ओळ न् ओळ वाचा. त्यातला शिक्षण कर राज्याचा. दुकान असेल तर रोजगार हमी करही राज्याचा. वसुली पालिकेची, शिव्या पालिकेला, पैसा राज्याच्या तिजोरीत! मुंबईत 1 जानेवारी 2022पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. घोषणा राज्याने केली, तूट पालिकेच्या गळ्यात. घटनेने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायला सांगितलंय, ते याच वाटणीसाठी. आधी तिथून हक्काचा वाटा आणा, मग लोकांच्या दारात या.

निशिगंध
वाटा हक्काचाच आहे, त्यावर वाद नाही. पण भरपाईचा हप्ता दुसऱ्याच्या हातून येतो, हे मला खुपतं. जकात शहरात येणाऱ्या मालाबरोबर वाढायची. आता शहर दुप्पट झालं तरी सूत्र 8 टक्क्यांचंच.

रानवाट
जकातीचं कौतुक नको. माझे वडील ट्रक चालवायचे. नाक्यावर रात्र रात्र रांगेत काढलीय त्यांनी, गाडीत नाशवंत माल असताना. गेली ती बरीच झाली.

आणि दर वाढवायच्या आधी थकबाकी वसूल करा. उशीर केला की महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, कागदावर. मग अभय योजना येते आणि शास्ती माफ. आम्ही दरवर्षी मुदतीत भरतो. गेल्या वेळी खिडकीवर माझ्या पुढच्या माणसाची सहा वर्षांची शास्ती माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ सगळी खोडली गेली. निशिगंध, अशाने तुमची वाढलेली घरपट्टी तरी कोण वेळेत भरणार?

निशिगंध
अभय योजना बंदच करावी, इथे मी तुमच्या बाजूने. पण समोरच्या इमारतीचं चौपट बिल त्याने कमी होत नाही.